न्हाण आले, म्हणजे मुलगी लग्नाची झाली का?

आयाबायांनो, घरात दहा-अकरा वर्षांची लेक असेल तर हे चार शब्द तुमच्यासाठी आहेत. कारभाऱ्यांनीही ते वाचावेत, कारण लग्नाची सुपारी फोडायला तेच पुढे असतात.

मुलगी न्हातीधुती झाली की पूर्वी घरात सोहळा होई. तीन दिवस ती बाजूला बसे. चौथ्या दिवशी तिला न्हाऊ घालीत, केळीचे खुंट लावून मखर सजवीत आणि नवे लुगडे नेसवून तिला त्यात बसवीत. सुवासिनी खणानारळाने ओटी भरीत, गाणी म्हणत. नातलगांकडून गोडाधोडाची ताटे येत. पनवेल-उरणकडे एखादी जुनी आजी भेटली तर तिला मखराचे जरूर विचारा.

अशी रीत जगात इतरत्रही आहे. इथिओपियात ओमो नदीकाठी मुर्सी लोक राहतात. तिथे मुलगी पंधरा-सोळा वर्षांची झाली की तिचा खालचा ओठ चिरून त्यात लाकडाची खुंटी बसवतात. पुढे भोक वाढवत नेऊन मातीची चकती घालतात. मुलगी मोठी झाली, याची ती खूण.

आपल्या मखरामागे मात्र एक गोष्ट होती. पुष्कळ घरांत मुलीचे लग्न न्हाण येण्याआधीच लागलेले असे. न्हाण आले की सासरी निरोप जाई, आणि गर्भाधानाचा विधी करून कोवळ्या पोरीला नवऱ्याच्या हवाली करीत. १८९१ साली सरकारने संमतीचे वय १० वरून १२ केले, तेव्हा धर्म बुडाला म्हणून केवढा गदारोळ झाला! त्याआधीच रखमाबाईंनी, लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे मुंबईच्या कोर्टात ठणकावले होते. पुढे त्या डॉक्टर झाल्या. मुलीच्या लग्नाचे वय १९२९ च्या कायद्याने १४ झाले, १९७८ साली १८ झाले.

पनवेलची भातखाचरे नव्या शहराखाली गेली, मखरही गेले. जुना समज मात्र पुरता गेलेला नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वर्षांच्या दर शंभर बायांपैकी सुमारे २२ जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले.

पाळी आली म्हणजे शरीराची वाढ सुरू आहे, ती पुरी झाली असे नव्हे. कमरेची हाडे अजून भरायची असतात. या वयात दिवस गेले तर आई आणि बाळ, दोघांच्याही जिवाला धोका.

मग करावे काय? पाळीबद्दल लेकीला आधीच सांगा, म्हणजे ती घाबरणार नाही. कापड वापरत असेल तर ते साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा, आडोशाला ओले ठेवू नका. नाचणीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ तिच्या ताटात वाढा. शाळेत किंवा अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी तिने जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नको. गावात कुठे बालविवाह ठरत असेल तर १०९८ वर फोन करा.

ओटी भरायची हौस असेल तर खुशाल भरा, लेकीला गोडधोड करून घाला. पण दुसऱ्या दिवशी तिला शाळेत धाडा, आणि अठरा पुरी होईपर्यंत पाहुण्यांना चहापोह्यांना बोलावू नका.