दादासाहेब तोरणे यांचे ऋण

१८ मे १९१२ रोजी मुंबईच्या गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ या चित्रगृहात ‘पुंडलिक’ हा मूकपट झळकला. त्याचे कर्ते रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे हे मालवणजवळच्या सुकळवाडचे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभराने लोकांपुढे आला. तरीही भारतीय चित्रपटाच्या इतिहासात तोरण्यांची बोळवण बहुधा एका तळटीपेतच होते. कोकणच्या या सुपुत्राची ओळख निदान कोकणात तरी याहून अधिक असावयास हवी, असे आम्हांस वाटते.

‘पुंडलिक’वरील आक्षेप निराधार नाहीत. तो रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होता, कॅमेरा चालविणारा इंग्रज होता आणि फिल्मवरील प्रक्रियाही लंडनमध्ये झाली. उलट फाळक्यांनी कथेपासून फिल्म धुण्यापर्यंत सारे काम येथेच उभे केले. तेव्हा ‘जनक’ हा मान फाळक्यांकडे राहिला, यात अन्याय नाही. परंतु नाटकाचे चित्रण म्हणून ‘पुंडलिक’ला नगण्य ठरविणे मात्र न्यायाला धरून होणार नाही. त्याच १९१२ साली सारा बर्नहार्ट या फ्रेंच नटीच्या ‘क्वीन एलिझाबेथ’ या नाटकावरील मूकपट अडॉल्फ झुकर यांनी अमेरिकेत दाखविला. तोही रंगभूमीच्याच थाटाचा होता. पण झुकर यांच्या त्या उद्योगातून पुढे पॅरामाउंटसारखी बलाढ्य संस्था उदयास आली, म्हणून हॉलिवूडचा इतिहास त्याची आदराने नोंद घेतो. आपण आपल्या माणसाला वेगळे माप का लावावे?

तोरण्यांची कारकीर्द ‘पुंडलिक’पाशी संपत नाही. मुंबईत विजेच्या सामानाच्या कंपनीत नोकरी करणारा हा तरुण यंत्राचे मर्म जाणणारा होता. चित्रपट हा कलेइतकाच यंत्राचा आणि व्यापाराचा विषय आहे, हे त्यांनी ओळखले. बाबूराव पै यांच्यासमवेत त्यांनी वितरणाचा व्यवसाय केला. ‘मूव्ही कॅमेरा कंपनी’मार्फत परदेशी यंत्रसामग्री येथील निर्मात्यांना मिळवून दिली. बोलपटांचे युग येताच पुण्यात सरस्वती सिनेटोन उभारली. तिच्या ‘श्यामसुंदर’ (१९३२) या भालजी पेंढारकर दिग्दर्शित बोलपटाने मुंबईत रौप्यमहोत्सव साजरा केला आणि शाहू मोडक, शांता आपटे यांना रसिकांपुढे आणले. पडद्यावर नाव दिसणाऱ्यांइतकेच पडद्यामागची घडी बसविणारेही धंद्याला लागतात. तोरणे दोन्ही होते. १९ जानेवारी १९६० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

‘पुंडलिक’ची प्रत आज उपलब्ध नाही. त्या काळच्या वृत्तपत्रांतील जाहिराती आणि नोंदी एवढाच काय तो मागे उरलेला पुरावा. जी कलाकृती पाहता येत नाही तिचे स्मरण जाणीवपूर्वक करावे लागते. अन्यथा कर्ताही तिच्यासवे विस्मृतीत जातो. आमची सूचना साधी आहे. सिंधुदुर्गातील शाळा, ग्रंथालये आणि चित्रपटप्रेमी मंडळांनी १८ मे हा दिवस तोरण्यांच्या नावे पाळावा आणि जुनी कागदपत्रे, छायाचित्रे गोळा करून जतन करावीत. त्याने फाळक्यांची थोरवी तिळभरही उणी होणार नाही. ज्या घराला दोन खांब आहेत, तेथे एकाचीच पूजा करून दुसऱ्याला विसरणे शहाणपणाचे नव्हे.