मापट्यातली सुकट, पाकिटातली सुकट

कोल्हापुराहून रत्नागिरीकडे निघालं की केर्लीला उजव्या हाताला जोतिबाचा फाटा लागतो. भाविक तिथून वाडी रत्नागिरीचा डोंगर चढायला वळतात. मालाच्या गाड्या सरळ पुढं जाऊन वाघबीळ, मलकापूर करत आंबा घाटाला भिडतात. याच वाटेनं उलट दिशेला पिढ्यान्‌पिढ्या कोकणची सुकी मासळी घाटावर येत राहिली. खाली जाताना गूळ आणि मिरची, वर येताना मीठ आणि खारा बांगडा, असा हा जुना व्यवहार. दख्खनचा राजा म्हणवणाऱ्या जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याखालून गेलेल्या या मालाचं माप कसं बदललं आणि तो शेवटी सीलबंद पाकिटात कसा जाऊन बसला, याचा हा मागोवा आहे. देवस्थानाच्या इतिहासात त्याला जागा नाही. पण डोंगराभोवतालच्या घरांच्या इतिहासात त्याची जागा मोठी आहे.

सगळी सुकी मासळी एका किनाऱ्याची नसते. खारा बांगडा रत्नागिरी-मालवणकडचा, आंबा किंवा गगनबावड्याच्या घाटानं आलेला. बोंबील मात्र उत्तरेचा: वसई, उत्तन, वर्सोवा, सातपाटीचा, आणि त्याच्याही वर सौराष्ट्रातल्या जाफराबादचा. ताज्या बोंबलात जवळजवळ नव्वद टक्के पाणीच असतं. म्हणून तो बांबूच्या वलांडीवर, दोन-दोन मासे जबड्यात जबडा अडकवून, वाऱ्यावर टांगतात. त्याला मीठ लागत नाही, चरबीही नगण्य, त्यामुळे नीट वाळला की महिनोन्‌महिने टिकतो. बांगडा तेलकट. तो मिठात घालावाच लागतो आणि तरी जुना झाला की खवट होतो. जवळा म्हणजे इवलीशी कोळंबी, जमिनीवर पसरून वाळवलेली, म्हणून बरेचदा वाळूची कच घेऊन येणारी. या तिघांचे स्वभाव इतके वेगळे आहेत, की एकच यंत्र तिघांना पुरं पडत नाही.

कोल्हापूर भागात सुकी मासळी ही गरिबाची आणि पावसाळ्याची बेगमी. जून-जुलैत समुद्र खवळतो, आता तर 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारीला बंदीच असते. त्याआधी, चैत्र-वैशाखात, आठवडी बाजारातून सुकट भरून ठेवायची. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा, गुलाल-खोबऱ्याची उधळण, सासनकाठ्यांचा सोहळा. आणि यात्रा उरकून घरी परतलेली माणसं पुढच्या बाजाराला बोंबील-जवळ्याची खरेदी करायची. जोतिबा कुलदैवत असलेल्या घरांत रविवारी मासळी-मटण वर्ज्य. म्हणून सुकटीचं मडकं चुलीजवळ नसायचं. ते परड्यातल्या आढ्याला, नाहीतर पडवीत टांगलेलं. वास देवघरापर्यंत जाऊ नये ही त्यामागची खटपट. पाकिटाची कथा सांगताना या मडक्याला विसरून चालत नाही, कारण शहरातल्या दोन खोल्यांच्या घरात पडवी राहिली नाही आणि परडंही राहिलं नाही.

विकणारीकडे तराजू असेलच असं नव्हतं. जवळा मापट्यानं, चिपट्यानं मोजायचा. दोन चिपट्यांचं एक मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. बांगडा नगावर, बोंबील जुडीवर, आणि बारीकसारीक माल वाट्यावर. वाटा म्हणजे पाटीवर मांडलेला लहानसा ढीग. वर मूठभर घालून द्यायची ती वेगळी. देशात मेट्रिक वजनं 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्यानं आली, 1962 पर्यंत सक्तीची झाली. तूप-तेल-साखर चटकन किलोवर गेली. सुकटीचा वाटा मात्र पुढची कित्येक वर्षं तसाच टिकला. त्यामागं अडाणीपण नव्हतं. जवळा ओलसर असला की वजनाला जड भरतो, कोरडा असला की हलका. वजनावर घेणारा ओल्या मालात फसतो, मापट्यावर घेणारा तेवढा फसत नाही. बाजारातल्या बायकांना हे पक्कं ठाऊक होतं.

पाकिटाची सुरुवात आपल्याकडे मासळीतून झाली नाही, दुधातून झाली. 1963 मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध संघानं, म्हणजे गोकुळनं, आणि जोतिबाच्या पलीकडच्या खोऱ्यात वारणेनं, दूध पिशवीत बंद करून विकलं तेव्हा इथल्या माणसानं पहिल्यांदा पिशव्या भरणारं यंत्र पाहिलं. वरून प्लॅस्टिकचा रोल सुटतो, कॉलरवरून वळत नळी होते, उभा जोड शिवला जातो, खालचा जबडा तळ बंद करतो, माल पडतो, जबडा पुन्हा मिटतो आणि पिशवी कापून खाली. या तत्त्वाचं पेटंट 1936 सालचं: अमेरिकेत हेन्री हाइड या गोळ्या-मिठाईच्या कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर झ्वॉयरचं. आपल्याकडे 1980 च्या दशकात शांपूच्या पुड्यांनी ते घराघरांत नेलं. मग मसाले, चहा, लोणची, गुटखा. दुकानाच्या दारात पाकिटांच्या माळा लटकल्या. सुकट त्या माळेत फार उशिरा आली.

उशीर का झाला, हे सुकटीचं पाकीट भरणारं लहान यंत्र थोडा वेळ पाहिलं की कळतं. वर पत्र्याचं हॉपर. त्यात जवळा ओतला. खाली फिरती तबकडी आणि तिच्यात चार कप. कप भरतो, वरचा माल पट्टीनं सपाट होतो, कप नळीत रिकामा होतो. कप मोजतो आकारमान, पाकिटावर छापलेलं असतं वजन. सकाळी हॉपर भरलेलं असताना शंभर ग्रॅम बरोबर येतात. यंत्राच्या थरथरीनं जवळ्याच्या मिशा मोडत राहतात, भुसा तळाला बसतो, आणि हॉपर संपत आलं की त्याच कपातून जड पाकिटं पडू लागतात. चालवणारा पोरगा पाकिटं काट्यावर टाकत राहतो आणि कपाचा नट अर्धा आटा फिरवत राहतो. कायद्यानं शंभर ग्रॅमच्या पाकिटात साडेचार ग्रॅमपेक्षा जास्त तूट चालत नाही, त्यामुळे मालक कप थोडा सैलच ठेवतो आणि दिवसाकाठी किलोभर माल फुकट जातो.

दुसरी अडचण जबड्याची. सुकटीची बारीक धूळ प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला चिकटते, नेमकी जिथं सील व्हायचं तिथं. तापलेला जबडा मिटला तरी त्या धुळीच्या रेघेतून हवा आत-बाहेर होत राहते. पाकीट हातात घेऊन दाबलं की फुसकन आवाज येतो. कारागीर त्याला ‘लीक मारतंय’ म्हणतात. शिवाय जवळ्याचं टोकदार तोंड आणि बोंबलाचे काटे पातळ फिल्मला आतून टोचतात. दुधाची फिल्म इथं चालत नाही. जाड, दोन-तीन पदरी फिल्म लागते, आणि ती महाग. जबडे झिजले की उद्यमनगरातल्या एखाद्या लेथवर नेऊन त्यांचे दाते पुन्हा काढून घ्यायचे. डिझेल इंजिनांवर वाढलेल्या कोल्हापुरात एवढी सोय मात्र हाकेवर आहे.

बोंबलाचं दुखणं याहून अवघड. तो कपात मावत नाही. डोकं-शेपूट छाटून दोन-दोन इंचांचे तुकडे केले तरी एक तुकडा तीन ग्रॅमचा, दुसरा सातचा. वेड्यावाकड्या मालाचं वजन बसवण्याचा तोडगा जपानमधून आला. इशिदा कंपनीनं 1972 मध्ये अनेक तोंडांचा वजनकाटा बनवला, तोही मासळीसाठी नव्हे, शेतकऱ्यांच्या ढोबळी मिरचीसाठी. गोलाकार मांडलेली दहा लहान तबकं, प्रत्येकात थोडाथोडा माल, प्रत्येकाखाली स्वतंत्र काटा. यंत्र या दहांच्या शक्य तितक्या जुळण्या तपासतं, त्या 1,023 होतात, आणि शंभराच्या सर्वांत जवळ येणारी जुळणी निवडून तेवढीच तबकं उघडतं. वाटा मांडणारी बाई हेच करायची: एक तुकडा काढायची, दुसरा ठेवायची, नजरेनं जुळवायची. तिचं कसब यंत्रानं काट्यावर आणलं, ही मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. पण असं यंत्र लाखो रुपयांचं. ते घेतो तो मोठा पॅकर, किनाऱ्यावरची वाळवणारी नव्हे.

सीलबंद पाकिटानं काय दिलं, हे पावसाळ्यात कळतं. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ हवेतलं पाणी ओढू लागतं. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरावर आषाढात धुकं खोलीत शिरतं, तिथं खारा बांगडा चार दिवसांत पाझरायला लागतो, मग त्यावर लालसर डाग किंवा बुरशी. बोंबलात किडे. मडक्यातली निम्मी सुकट श्रावणापर्यंत उकिरड्यावर जायची, असं ज्या घरांत घडलं त्यांना पाकिटाचं मोल वेगळं सांगायला नको. नीट सील केलेल्या, नायट्रोजन भरलेल्या पाकिटात किडा जगत नाही, दमटपणा शिरत नाही, तेल खवट होण्याचा वेग मंदावतो. वासही बाहेर येत नाही. जोतिबाचा रविवार पाळणारी सासू आणि सुकट आवडणारी सून एकाच फडताळावर सुखानं नांदू शकतात, हे या फिल्मचं काम.

वाळवण्यापलीकडची आणखी एक शाखा आहे, तिचा उल्लेख थोडक्यात. मासळी शिजवूनच पाकिटात बंद करायची आणि पाकिटासकट 121 अंशांवर दाबाखाली तापवायची, म्हणजे बोटुलिझमचे जंतू मरतात आणि फ्रीजशिवाय माल टिकतो. जपानमध्ये 1968 साली ‘बॉन करी’ असं पाकिटातलं पहिलं विकाऊ जेवण आलं. आधी ते काही महिनेच टिकायचं, पुढच्या वर्षी ॲल्युमिनियमचा पदर आला आणि मुदत दोन वर्षांवर गेली. आपल्याकडे म्हैसूरच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेनं सैन्यासाठी आणि कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं मासळीसाठी या पाकिटांवर काम केलं. मासळीची तयार पाकिटं आज मिळतात, पण कोल्हापूरच्या बाजारात त्यांनी बोंबलाची जागा घेतलेली नाही. सुक्याचा ठेचा ज्याला हवा त्याला कालवण देऊन भागत नाही.

आता तोट्याची बाजू. 1977 च्या नियमांनी, आणि पुढं 2011 च्या नियमांनी, पाकिटावर पॅकरचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष आणि किंमत छापणं बंधनकारक केलं. ग्राहकाच्या हिताचा हा नियम, त्याबद्दल दुमत नाही. पण पाकिटावर नाव येतं ते भरणाऱ्याचं. मासळी जिनं वाळवली, राखली, उलटसुलट केली, तिचं नाव कुठंच नाही. घाटाखालून पोत्यानं घेतलेला जवळा शहरातल्या गाळ्यात चाळून, निवडून पाकिटात गेला की त्याची किंमत चढते, आणि चढलेली रक्कम जिथं यंत्र आहे तिथंच राहते. म्हणून यंत्र किनाऱ्यावर गेलं पाहिजे, असं मला कळकळीनं वाटतं. त्याची वाट अगदीच बंद नाही. लहान अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी 2020 मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत यंत्राच्या खर्चावर 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदान मिळतं, बचतगटातल्या बाईला सुरुवातीला 40,000 रुपयांपर्यंत बीजभांडवलही. रत्नागिरीच्या शिरगावला 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. शिकवणारे आहेत, मासळी आहे, बायका आहेत. अडतं ते क्रमावर: आधी वाळवणीचे उंच ओटे आणि जाळ्या, मग चाळण, मग साधा हातसीलर, आणि सगळ्यांत शेवटी कप फिलर. वाळू असलेला, अर्धवट वाळलेला माल भारी यंत्रात घातला तर आतच कुजतो, आणि दोष यंत्राला लागतो.

फिल्मचाही प्रश्न उरतोच. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदी आली, हातपिशव्यांवर तिचा रोख होता. अनेक पदरी चकचकीत पाकिटं सुटली, आणि नेमकी तीच वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत. यात्रेनंतर जोतिबाच्या उतारावर गुलाल पहिल्या वळवानं धुऊन जातो, रिकामी पाकिटं झुडपांत अडकून राहतात. सुकटीची पाकिटं त्यात थोडी असतील, चिप्सची जास्त. फिल्म मात्र एकाच जातीची.

आज कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीच्या बाजारात दोन्ही शेजारी दिसतात. पाटीवर उघडा ढीग, पलीकडे दुकानात पाकीट. जाणती गिऱ्हाइकं अजून पाटीशीच बसतात. बोंबील वाकवून बघतात. कट्‌कन मोडला तर वाळलेला, वाकला तर ओला. जवळा तळहातावर चोळून कच आहे का पाहतात. पाकिटात हे काहीच करता येत नाही. पारदर्शक खिडकीतून रंग दिसतो, तेवढाच. विकणारी बाई विचारलं तर सांगते, हा थंडीतला माल, हा होळीनंतरचा, हा जाफराबादचा, हा उत्तनचा. पाकिटावरची तारीख असते माल भरल्याची. वाळवल्याची नसते. जानेवारीत वाळलेला आणि ऑगस्टमध्ये पाकिटात गेलेला बोंबील कागदावर ऑगस्टचा होतो. त्या छापील चौकटीत दोन ओळी वाढवल्या तर यंत्राला काही जड जाणार नाही, तारीख मारणारा ठसा तेच करतो: कोणत्या बंदरावर वाळवला, कोणत्या महिन्यात.