घोरणं थांबतं तेव्हा

उन्हाळ्यात गेवराईत अनेक घरांची अंथरुणं गच्चीवर जातात. कोण किती घोरतो, हे मग शेजारच्या दोन घरांनाही पाठ होतं. सकाळी चहाच्या वेळी चेष्टा होते. "काय ढाराढूर झोपला होता राव!" म्हटलं की घोरणाराही खूश होतो. बायकोला विचारलं तर ती वेगळंच सांगेल. तिला घोरण्याची भीती वाटत नाही. घोरणं मध्येच बंद पडतं, त्याची वाटते. छाती वर-खाली होत असते, पण श्वासाचा आवाज नसतो. मग गुदमरलेल्या माणसासारखा एकदम गचका देऊन श्वास सुटतो. तोवर ती उठून बसलेली असते. झोपलेल्याला सकाळी यातलं काही आठवत नाही. या आजाराची पहिली साक्षीदार तीच. तरीही डॉक्टरकडे गेल्यावर ती बाहेरच्या बाकावर बसते आणि आत जातो तो ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूस. तिलाही आत बोलवायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आजाराचं नाव स्लीप ॲप्निया. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. श्वासपटल हवा ओढत राहतं, पण हवा आत जात नाही. असा अडथळा किमान १० सेकंद टिकला तर तो मोजला जातो. तासाला ५ ते १५ अडथळे म्हणजे सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र आजार. तासाला ३० म्हणजे दर दोन मिनिटांनी एकदा, रात्रभर. प्रत्येक वेळी रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, रक्तदाब उसळतो. गोळ्या चालू असूनही बीपी आटोक्यात येत नाही, त्यामागे कित्येकदा हे कारण असतं. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागलं की घरात आधी साखरेची शंका येते. ती तपासावीच. पण बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा हृदयाच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो आणि तिथून लघवी वाढवणारं संप्रेरक सुटतं. म्हणजे मूळ दुखणं घशातही असू शकतं.

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास केला. ही माणसं नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आली होती. २००४ साली निष्कर्ष छापून आले. १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळत होता आणि ७.५ टक्क्यांना त्याच्या जोडीला दिवसा झोपही अनावर होत होती. १५ फेब्रुवारी २०२२ ला संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत गेले, तेव्हा डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं आणि बऱ्याच घरांत ते पहिल्यांदाच ऐकलं गेलं.

शेजारी झोपणाऱ्याचं काय होतं, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकनं १९९९ मध्ये मोजून दाखवलं. दहा जोडप्यांमध्ये नवऱ्याबरोबर बायकोच्याही झोपेची नोंद घेतली. मध्यरात्रीनंतर नवऱ्याला मशीन लावलं. बायकोची झोप तासाला २१ वेळा चाळवत होती, ती १२ वर आली. अंथरुणावरच्या वेळेपैकी ७४ टक्के वेळ तिला झोप लागत होती, ती ८७ टक्क्यांवर गेली. तिला स्वतःला कसलाही उपचार दिला नव्हता.

हे मशीन म्हणजे सीपॅप. १९८० पर्यंत तीव्र आजारावर खात्रीचा उपाय एकच होता, गळ्याला भोक पाडून नळी बसवणं. ते नको असलेल्या एका रुग्णावर सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी त्या वर्षी नवा प्रयोग केला. व्हॅक्यूम क्लीनरच्या पंख्याची हवा नाकावाटे थोड्या दाबानं आत सोडली. घसा उघडा राहिला आणि माणूस रात्रभर शांत झोपला. पाच रुग्णांवरचा हा अनुभव १९८१ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. दाब फार नसतो. बऱ्याच जणांना दहा सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा, म्हणजे भरल्या पेल्याच्या तळाशी असतो तेवढा पुरतो.

घरी मशीन येतं तेव्हा मात्र अडचणी सुरू होतात. तोंडावर मास्क दिसला की भावकीतला कुणीतरी विचारतोच, "ऑक्सिजनवर ठेवलंय का?" कोरोनानंतर या प्रश्नानं घरच्यांच्या पोटात गोळा येतो. मशीनमध्ये ऑक्सिजन नसतो, खोलीतलीच हवा असते, हे आल्यागेल्याला सांगायचं काम बहुधा बायकोच्याच वाट्याला येतं. आपल्याकडे मिशीचाही प्रश्न आहे. भरघोस मिशीवर मास्क नीट टेकत नाही आणि हवा फुसफुसत डोळ्यांकडे जाते. नाकपुडीच्या तोंडाशी बसणारा छोटा मास्क अशा वेळी बरा पडतो. कापसाच्या दिवसांतल्या धुरळ्यानं फिल्टर लवकर काळा होतो, तो वरचेवर बघावा. रात्री लाईट गेली तर मशीन बंद पडतं. इन्व्हर्टरवर ते चालतं, पण सर्वांत जास्त वीज खातो तो ओलाव्याचा हीटर. तो बंद ठेवला तर बॅटरी बरीच पुरते.

पहिले काही आठवडे फार नाजूक असतात. त्यात बरेच जण मशीन कपाटात टाकतात. संध्याकाळी टीव्ही बघताना, जागेपणीच अर्धा तास मास्क लावून बसलं तर जीव घाबरत नाही. रात्री त्यानं झोपेत मास्क काढून फेकला तर सकाळी त्यावरून भांडू नये. घट्ट होतो की सैल, तोंड कोरडं पडतं का, एवढं विचारावं. उत्तर डॉक्टरांना सांगावं, मास्क बदलून मिळतो, दाबही बदलता येतो. वजन दहा टक्क्यांनी उतरलं तर श्वासाचे अडथळे साधारण पाव हिश्शानं कमी होतात. रात्रीची दारू आणि मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळ्या घसा आणखी सैल करतात.

गेवराईवरून धुळे-सोलापूर महामार्ग जातो. ऊस, कापूस, मोसंबी भरलेल्या गाड्या रात्रभर धावतात. उपचार न घेतलेल्या स्लीप ॲप्नियात अपघाताचा धोका दुपटीहून अधिक असतो. स्टिअरिंगवर डुलकी लागणाऱ्याला आपण आळशी म्हणतो किंवा रात्री जागल्याचा दोष देतो. त्याच्या बायकोनं श्वास अडकल्याचं सांगितलं तर मालकानं त्याला आधी तपासणीला पाठवावं, मग गाडी द्यावी. आता बोटाला, छातीला आणि नाकाला छोटी उपकरणं लावून घरच्या अंथरुणावरही तपासणी होते.

बायकाही घोरतात, पाळी थांबल्यावर अधिकच. पण त्या बोलत नाहीत. दिवसभराचा थकवा कामाच्या नावावर जातो, आणि शेजारी नवरा गाढ झोपलेला असतो. अशा घरात मुलीनं किंवा सुनेनं रात्री आईच्या उशाशी मोबाइल ठेवून दोन-चार मिनिटं आवाज टिपून घ्यावा आणि डॉक्टरांना ऐकवावा. आवाज जिथं बंद पडतो तो भाग आधी ऐकवावा.