वीस टनांत एक ग्रॅम

गेल्या फेब्रुवारीत द्राक्षांची पहिली पेटी घरात आली आणि तिच्याबरोबर एक वादही आला. घोसांवर पांढुरकी झाक होती. ती पाहताच सौभाग्यवतींनी “ही औषधाची पूड!” असा निकाल दिला आणि पेटी थेट मोरीत नेली. तोवर चिरंजीवांनी चार मणी तोंडात टाकलेही होते! “आता याला काही होणार तर नाही ना?” हा प्रश्न अखेर माझ्याकडे आला, आणि नेहमीप्रमाणे माझ्याजवळ उत्तर नव्हते.

सुदैवाने दुसऱ्याच दिवशी निफाडकडचे आमचे एक बागाईतदार स्नेही घरी आले. सारी हकीकत ऐकून ते हसले. “वहिनी, ती झाक म्हणजे द्राक्षाचे स्वतःचे मेण. ती पुसली जाऊ नये म्हणून आम्ही घोस देठाला धरून उचलतो. औषध असे डोळ्यांना दिसते, तर प्रयोगशाळा कशाला लागल्या असत्या?”

दिवाळीतली फवारणी

वाचकहो, आपण फराळाच्या ताटाभोवती बसतो, तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागाईतदाराची झोप उडालेली असते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वेलीला कोवळी फूट आलेली असते. त्यातच आभाळ आले, पाऊस शिंतडला, की डावणी घोसावर उतरते. पुढे थंडीत भुरी, मग फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण. फवारल्याशिवाय गत्यंतर नसते. दिवाळीत मारलेल्या औषधांपैकी बरीचशी ऊन, वारा आणि वेलीची वाढ यांमुळे फेब्रुवारीपर्यंत विरून जातात. म्हणूनच प्रत्येक औषधासाठी शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जावेत, हे ठरलेले असते. ते दिवस पाळले नाहीत, की घात होतो.

दहा ग्रॅमांची परीक्षा

२००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल हे कीटकनाशक मर्यादेपेक्षा अधिक सापडले आणि आपल्याकडे खडबडून जाग आली. तेव्हापासून युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या तपासणीची घडी बसली. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तेथील प्रयोगशाळा या कामी इतर प्रयोगशाळांना मार्गदर्शन करते.

परीक्षेची रीत मोठी गमतीची आहे. नमुना बागाईतदाराने आणून द्यायचा नाही. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन निरनिराळ्या वेलींवरून घोस काढतो. तो सारा नमुना एकजीव वाटतात. त्यातला सुमारे दहा ग्रॅम लगदा घेऊन त्यात इथिल ॲसिटेटसारखा द्राव घालतात. औषधांचे अंश द्रावात उतरतात, पाणी क्षाराने शोषले जाते आणि भोवऱ्यासारख्या फिरणाऱ्या यंत्रात चोथा तळाशी बसतो. वरचा निवळ द्राव क्रोमॅटोग्राफच्या बारीक नळीतून जातो, तेव्हा एकेक रसायन आपापल्या वेळी बाहेर पडते. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटर त्याच्या कणांचे वजन करून ते कोणते आणि किती, हे सांगतो. एका दमात शेकडो रसायनांची हजेरी घेतली जाते.

हजेरीपटावर नाव नव्हते

पण हजेरीपटावर नाव नसलेला विद्यार्थी वर्गात बसला असेल, तर? २०१० साली नेमके हेच झाले. क्लोरमेक्वाट हे कीड मारणारे औषध नव्हे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटीची वाढ आवरावी आणि काडीत घड धरावा, म्हणून ते वापरत. आपल्या तपासणीच्या यादीत त्याचे नाव नव्हते. शिवाय ते पाण्याशी असे सलगी करणारे, की नेहमीच्या द्रावात उतरतच नाही. त्याला निराळी पद्धत लागते. वेलीत मुरलेले हे रसायन पुढल्या हंगामाच्या मण्यांत उतरले. युरोपात ते पकडले गेले, माल बंदरांत अडकला आणि भाव कोसळले.

“आमचा अहवाल स्वच्छ होता,” आमचे स्नेही सांगत होते. “तरी पैसे बुडाले. त्या वर्षी थोरलीचे लग्न पुढे ढकलले. चूक कोणाची म्हणून सांगू?”

मर्यादा म्हणजे विषाची रेषा नव्हे

युरोपची द्राक्षासाठीची मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम! आणि गंमत अशी, की गव्हाचे पीक आडवे पडू नये म्हणून युरोपातले शेतकरी हेच रसायन वापरतात. गव्हासाठी त्यांची मर्यादा कितीतरी पट सैल आहे. मग द्राक्षालाच एवढा जाच का? कारण द्राक्षावर ते वापरण्याची तेथे मान्यताच नव्हती. ज्याची मान्यता नाही, ते मोजता येईल इतकेही नको, असा हा नियम.

माणसाने रोज किती खाल्ले तर चालेल, हे निराळेच गणित असते. जनावरांवरील प्रयोगांत ज्या मात्रेने अपाय होत नाही, तिचा साधारणपणे शंभरावा भाग माणसासाठी धरतात. तेव्हा मर्यादा ओलांडलेला एखादा मणी खाल्ला म्हणून घाबरायचे कारण नाही. पण मर्यादा मोडली, याचा अर्थ कोठेतरी शिस्त मोडली, एवढे खरे.

आणि आपली पेटी?

सौभाग्यवतींनी मग वर्मावरच बोट ठेवले. “परदेशी जाणाऱ्या द्राक्षांची एवढी परीक्षा. मग आमच्या मंडईतल्यांची?”

आपल्या देशातही मर्यादा ठरलेल्या आहेत, आणि २००५-०६ पासून कृषी मंत्रालयाच्या योजनेतून ठिकठिकाणच्या बाजारांतले नमुने तपासले जातात. पण ते नमुनेच. तुमच्या-माझ्या पेटीमागे अहवाल येत नाही. परदेशी गिऱ्हाईक तो मागते म्हणून मिळतो. आपण मागत नाही.

तोवर घरच्या घरी एवढे करावे. फळे वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावीत. २०१७ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा घालून फळ १२ ते १५ मिनिटे ठेवले, तेव्हा सालीवरची दोन औषधे बहुतांशी निघून गेली. सालीत मुरलेला अंश मात्र धुऊन जात नाही. पण म्हणून मुलांच्या तोंडचे फळच काढून घेणे, हा काही उपाय नव्हे.

निघताना स्नेह्यांनी चिरंजीवांच्या हातावर एक घोस ठेवला. “खा बिनधास्त. फवाऱ्यात दिवसभर आम्ही उभे असतो, त्यामुळे सगळ्यांत आधी भीती आम्हाला वाटायला हवी.” ते हसत हसत म्हणाले खरे, पण सौभाग्यवती हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, “तोंडाला फडके तरी बांधता ना?”