आकाशातील पाणपोई

उन्हाळ्यात वाटसरूंची तहान भागावी म्हणून रस्त्याच्या कडेला पाणपोई घालण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. आकाशमार्गाने दूर जाणाऱ्या विमानांसाठीही अशी पाणपोई असते. फरक एवढाच, की ती एका जागी उभी राहत नाही. ती विमानांबरोबर उडत जाते आणि पाण्याऐवजी इंधन पुरविते.

विमानाने निघताना फार इंधन घेतले, तर त्याचे वजन वाढून ते जमिनीवरून उचलणे कठीण होते. म्हणून काही इंधन वाटेतच घ्यावे, ही कल्पना पुढे आली. २७ जून १९२३ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरावर दोन विमाने खालीवर उडत होती. वरच्या विमानातून एक नळी सोडण्यात आली. खालच्या विमानातील माणसाने ती हाताने पकडली आणि टाकीत घातली. हाच या विद्येचा आरंभ होय. पुढे १९४९ मध्ये सर अ‍ॅलन कॉबम यांच्या ब्रिटिश कंपनीने अधिक सोयीची रीत यशस्वी करून दाखविली. इंधनवाहू विमान आपल्या मागे एक लांब नळी सोडते. नळीच्या टोकाला नरसाळ्यासारखी टोपली असते. मागून येणाऱ्या विमानाच्या नाकाडावरील दांडा या टोपलीत नेमका शिरला, की इंधन वाहू लागते. दोन्ही विमाने वेगात असताना हे साधणे म्हणजे सुईत दोरा ओवण्यासारखेच नाजूक काम आहे.

ब्रिटिश विमानदलाचे ५५ क्रमांकाचे पथक या कामासाठी प्रसिद्धीस आले. हे पथक १९१६ मध्ये स्थापन झाले. दोन्ही महायुद्धांत बाँबफेक हेच त्याचे काम होते. १९६० मध्ये त्याला 'विक्टर' नावाची चार इंजिनांची बाँबफेकी विमाने मिळाली. त्या काळी 'व्हॅलियंट' जातीची विमाने इंधन पुरवीत असत. परंतु त्यांच्या पंखांच्या धातूला तडे जात असल्याचे आढळले आणि १९६५ च्या जानेवारीत ती कायमची निवृत्त करण्यात आली. तेव्हा विक्टर विमानांत इंधनाच्या टाक्या व नळ्या बसविण्यात आल्या. त्याच वर्षी ५५ वे पथक मारॅम येथील तळावर गेले आणि बाँब टाकणारे पथक इंधन देणारे पथक झाले.

या पथकाची खरी कसोटी १९८२ मध्ये लागली. दक्षिण अटलांटिक महासागरातील फॉकलंड बेटांवरून ब्रिटन व अर्जेंटिना यांच्यात युद्ध पेटले. तेथील धावपट्टीवर बाँब टाकण्याचे ब्रिटनने ठरविले; परंतु ब्रिटिश विमानांचा जवळचा तळ असेन्शन बेटावर, म्हणजे सुमारे ६,००० किलोमीटर दूर होता. ३० एप्रिलच्या रात्री 'व्हल्कन' जातीची दोन बाँबफेकी विमाने निघाली. त्यांतील एक बिघाडामुळे लवकरच परतले. उरलेल्या एका विमानाला पोहोचविण्यासाठी ५५ व ५७ या पथकांची अकरा विक्टर विमाने आकाशात चढली होती. ही विमाने एकमेकांनाही इंधन देत आणि रिकामी होतील तशी मागे फिरत.

अखेर व्हल्कनबरोबर दोनच विक्टर राहिली. त्यांतील एक पुढे जाणार होते. ते दुसऱ्याकडून इंधन घेत असता वादळाने दोन्ही विमानांना हेलकावे दिले आणि घेणाऱ्याचा दांडा मोडला. आता पुढे जाण्याचे काम बॉब टक्सफर्ड यांच्या विमानावर आले. त्यांनी दिलेले इंधन माघारी घेतले आणि व्हल्कनला सोबत केली. शेवटच्या वेळी इंधन देताना टक्सफर्ड यांना कळून चुकले, की व्हल्कनला पुरेसे द्यावे, तर आपण परत तळापर्यंत पोहोचणार नाही. त्यांनी आपल्या सहकाऱ्यांचे मत घेतले. मोहीम पुढे गेलीच पाहिजे, असे सर्वांचे मत पडले. त्यांनी इंधन दिले.

परत फिरल्यावरही त्यांनी मदत मागितली नाही. रेडिओवर बोलले असते, तर शत्रू सावध झाला असता. काम फत्ते झाल्याचा व्हल्कनचा संदेश ऐकल्यावरच त्यांनी तळाला हाक दिली. लगोलग दुसरे विक्टर त्यांच्या भेटीला आले व त्याच्या इंधनावर ते सुखरूप उतरले. टक्सफर्ड यांना 'एअर फोर्स क्रॉस' हे पदक देण्यात आले.

१९९१ च्या आखाती युद्धातही या पथकाने इंधन पुरविले. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये विक्टर विमाने निवृत्त झाली आणि पथकाचे हे कार्य संपले. त्या रात्री धावपट्टीवर पडलेला बाँब लोकांच्या ध्यानात राहिला. परंतु तो तेथवर नेणारे इंधन विक्टर विमानांनी आपल्या वाट्यातून दिले होते. पाणपोईवरच्या माणसाला वाटसरूचे गाव दिसत नाही; वाटसरू मात्र त्याच्याच पाण्यावर गावी पोहोचतो.