कळसावर तळमजला

पहाटे साडेचारला बारी गाव सोडलं. दिवाळीची सुट्टी, मुलं अर्धवट झोपेत, आणि खाली थंडी अशी की खिशातून हात काढवेना. अर्धा तास चढल्यावर धाकटीने स्वेटर कमरेला बांधला. चालून अंग तापतं हे खरंच, पण दम खायला थांबलो तरी खालच्यासारखं गारठायला होत नव्हतं. निरभ्र रात्री जमीन आपली ऊब आकाशाला देऊन टाकते. तिला टेकलेली हवा गार होते, जड होते आणि उतारावरून ओघळत दरीत साचते. एरवी वर जावं तशी हवा गार होत जाते. अशा पहाटे काही उंचीपर्यंत हा क्रम उलटा होतो.

कळसूबाईच्या वाटेवर लोखंडी शिड्या आहेत. शिडी संपली की जरा सपाटी, मग पुन्हा कडा. हा डोंगर मुळातच पायऱ्यांचा आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथल्या जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा पसरला, एकावर एक, थरावर थर. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश निवून घट्ट, टणक झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकले, तिथला खडक सच्छिद्र राहिला. हा सच्छिद्र खडक पावसापाण्याने लवकर झिजतो आणि त्याची सपाटी होते. टणक भाग कड्यासारखा उभा राहतो. शिडी लावावी लागते ती अशाच उभ्या कड्याला. बॅटरीच्या उजेडात दगड निरखले, तर बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक भरलेले दिसले. खडकात झिरपलेल्या पाण्याने फार नंतर आणून ठेवलेली ही खनिजं. स्वीडिश भाषेत जिन्याला ‘ट्रापा’ म्हणतात. दख्खनच्या या खडकांचं ‘ट्रॅप’ हे नाव त्यावरूनच पडलं.

माथ्यावर पोचलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. हवेचा दाब इथे समुद्रकाठच्या सुमारे 82-83 टक्के, त्यामुळे पाणी 94-95 अंशांनाच उकळतं. देवीच्या छोट्या देवळापाशी वारा मात्र सोसवत नव्हता. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले. दक्षिणेला दरीत भंडारदऱ्याचं पाणी, अजून काळं.

सह्याद्रीतले लाव्हाचे थर दिसायला सारखेच, सगळे काळेकरडे. भूवैज्ञानिकांनी त्यांतल्या रासायनिक घटकांवरून ते वेगळे ओळखले आणि तीन उपगटांत मांडले. सगळ्यांत वर, म्हणजे सगळ्यांत तरुण, तो वाई उपगट, महाबळेश्वर त्याचंच. मध्ये लोणावळा. आणि तळाशी, सर्वांत जुना, त्याचं नाव कळसूबाई उपगट. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचलं. राज्यातलं सर्वोच्च शिखर ज्या थरांचं, ते या चळतीचा तळमजला आहेत. महाबळेश्वरचं पठार कळसूबाईहून दोनशे मीटर ठेंगणं, तरी तिथला लाव्हा नंतरचा.

याचं कारण थरांच्या कलात आहे. उत्तरेकडून दक्षिणेकडे हे थर अगदी थोडे, एका अंशाहूनही कमी, कललेले आहेत. डोळ्यांना ते आडवेच दिसतात. पण किलोमीटरमागे पाचच मीटर उतरणारा थर पावणेदोनशे किलोमीटरवर पावणेनऊशे मीटर खाली गेलेला असतो. कळसूबाईच्या उंचीवरचे थर महाबळेश्वरापर्यंत पोचतात तोवर खोल गाडले जातात. त्यामुळे डोंगराच्या उंचीवरून थराचं वय सांगता येत नाही. भोवतालचा किती खडक पाण्याने नेला आणि मध्ये काय शिल्लक राहिलं, एवढंच ती सांगते.

ऊन आल्यावर आमच्या शिखराची निळसर सावली पश्चिमेकडे पडली, टोकाशी निमुळती, कित्येक किलोमीटर लांब. सूर्य चढत गेला तशी ती आखडत जवळ आली. मुलं पोहे खात होती. मी समोरच्या कड्यांवरच्या आडव्या रेघा मोजायला लागलो; सातपर्यंत पोचलो आणि दरीतून वर सरकलेल्या धुक्याने बाकीच्या झाकल्या.