ज्याची त्याची पिशवी

पुरात मदतीला निघालेल्या गटाकडे बहुधा एकच मोठी प्रथमोपचार पेटी असते, आणि नेमकी लागते तेव्हा ती दुसऱ्याच गल्लीत असते. म्हणून मी म्हणते, प्रत्येकाच्या पाठीवर स्वतःची छोटी पिशवी हवी.

सुरतेत ती भरायची तर पाणी डोळ्यांसमोर ठेवून. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीनं शहराचा मोठा भाग बुडवला. अशा पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असतं. पायाच्या बारीकशा चिरेतूनही लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात शिरतात. दक्षिण गुजरातला हा आजार नवा नाही. तेव्हा आधी साबण आणि जखम धुवायला स्वच्छ पाण्याची बाटली. मग निर्जंतुक गॉज, पाण्यानं न सुटणारी चिकटपट्टी, हातमोजे, क्रेप बँडेज, कात्री. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, पेलाभर पाण्यात अंदाजानं ओतू नका! आपली रोजची गोळीही घ्या. सगळं झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत, वर घरचा फोन नंबर.

अँटिबायोटिक मात्र मनानं भरू नका, निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि परतल्यावर काही दिवसांनी ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे त्यांना आवर्जून सांगा.